माझा ‘मी’ आणि तुमचा ‘मी’

गणपतीचे मखर अजून माळ्यावरून खाली यायचे असते, तोच आमच्या घरी दिवाळी येते. म्हणजे काय होते, तर संपादकांचे पत्र येते. पत्र म्हणायचे ते जुन्या सवयीने. हल्ली ते फोनवर उमटते. पण मजकूर तोच: ‘दिवाळी अंकासाठी आपले सदर थोडे ऐसपैस लिहावे. नेहमीसारखे घरगुती आणि खेळकर असावे. महिनाअखेर मिळावे.’

यंदा ते आले तेव्हा ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवले. हिने मान वर न करता विचारले,

‘‘यंदा कुणाचा नंबर?’’

‘‘कसला नंबर?’’

‘‘अहो, तुमच्या सदरात जायचा! आईंना कमी ऐकू यायचं ते झालं, माझा हरवलेला चष्मा झाला, मुलाचं गणित झालं, जावईबापूंचं घोरणंसुद्धा झालं. घरात आता उरलंय कोण?’’

मी हसलो खरा. पण वाचकहो, ते हसू वरवरचे होते. तीस वर्षांहून अधिक काळ मी ‘मी’ या एका अक्षरावर माझे सदर चालवीत आलो आहे. त्या अक्षराने मला पुष्कळ स्नेही मिळवून दिले, आणि एकदा तर घरचेच एक माणूस माझ्यापासून दूर नेले. ती हकीकत मी आजवर पुरती सांगितलेली नाही. यंदा ती सांगतो. आपल्या घरातल्या गोष्टी परक्या माणसाने वाचाव्यात असे लिहायचे कसे, हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. त्याचे जे काही उत्तर मला सापडले आहे, ते त्या हकीकतीतच आहे.

सदर सुरू झाले ते १९९१ साली. पहिल्या वर्षी मी काय लिहिले म्हणता? माझी सर्दी, माझी हरवलेली छत्री, आमची महाबळेश्वरची सहल, ऑफिसातली माझी नवी खुर्ची. भाषा बरी होती, कोट्याही साधल्या होत्या. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न लेख झाले आणि वर्षअखेर पत्रे आली एकूण सात. त्यांतली तीन नातेवाइकांची होती आणि एक विमा एजंटाचे. उरलेल्या तिनांतले एक पोस्टकार्ड मात्र मी अजून जपून ठेवले आहे. लिहिणाऱ्याने सही तेवढी केली होती, पत्ता दिला नव्हता. मजकूर असा:

‘स. न. वि. वि. आपले सदर नियमित वाचतो. आपली सर्दी बरी झाली, छत्री सापडली आणि महाबळेश्वरची हवा आपणांस मानवली, हे वाचून आनंद झाला. आमच्याकडेही सर्व ठीक आहे. कळावे.’

पहिल्यांदा वाटले, किती अगत्याचा माणूस! दुसऱ्यांदा वाचले तेव्हा कान तापले. हिने वाचले आणि ती इतकी हसली की गॅसवरचे दूध उतू गेले. मी वर्षभर हजारो अनोळखी घरांत स्वतःचे खुशालीचे पत्र टाकीत होतो, आणि एका सज्जनाने त्याला रीतसर उलट टपाली उत्तर पाठवले होते!

त्या दिवसापासून हिने आमच्या घरात एक कायदा केला. लेख टपालात पडण्याआधी तिच्या हातून जायचा. तिच्या हातात पेन्सिल. जिथे तिचे मन रमत नाही, तिथे समासात ती एकच शब्द लिहायची: ‘मग?’ मला सर्दी झाली. मग? छत्री विसरली. मग? वाचकहो, टीकाकारांची मोठमोठी परीक्षणे मी पचवली आहेत. पण त्या दोन अक्षरांना उत्तर देताना मला अजूनही घाम फुटतो.

मग मी शोध घेऊ लागलो की, ज्यांचा ‘मी’ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचला, त्यांनी असे केले तरी काय? फ्रान्समधला मोंतेन हा या वाटेवरचा आद्य प्रवासी. १५७१ साली तो न्यायाधीशाची नोकरी सोडून आपल्या गढीच्या मनोऱ्यात, पुस्तकांच्या सोबतीला जाऊन बसला. १५८० साली त्याच्या लेखनाचे पहिले दोन भाग निघाले. त्यांना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ नुसता ‘प्रयत्न’, किंवा ‘चाचणी’ असा आहे. स्वतःच्या मुतखड्यापासून विसरभोळेपणापर्यंत सारे त्याने त्यात घातले. पण ‘पाहा, मी कसा आहे’ असे सांगण्यासाठी नव्हे. ‘माणूस कसा असतो, ते या हाताशी असलेल्या एका माणसावर तपासून पाहू’, अशी त्याची वृत्ती. माझी छत्री आणि त्याचा मुतखडा यांत एवढाच फरक होता, आणि तो फार मोठा होता.

आपल्याकडे पाहावे तर गोडसे भटजी. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळणार, एवढीच त्याची आशा. आणि सापडला तो थेट बंडाच्या वणव्यात! झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. त्याचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. इतिहासाचे अभ्यासक त्यात लढाया शोधतात. मी मात्र तो वाचतो तेव्हा माझे लक्ष भटजींच्या कनवटीकडे असते. मिळवलेला पैसा लुटला जातो, पुन्हा मिळतो, पुन्हा जातो, आणि शेवटी हा माणूस घरी काय घेऊन येतो, तर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड. झाशीची राणी आपल्यापैकी कुणी होणार नाही. पण घरी रिकाम्या हाताने कसे जायचे, ही चिंता कुठल्या घरात नाही? भटजींचा ‘मी’ आपला होतो तो त्या कावडीपाशी.

आपल्या फडक्यांनी ‘गुजगोष्टी’ हे नाव किती विचाराने निवडले असेल, हेही मला तेव्हा उमगले. गुज एकट्याने होत नाही. त्याला सांगणारा लागतो आणि ऐकणारा लागतो. मी आजवर जे करीत होतो ते भाषण होते.

मग मी सर्दीवर पुन्हा लिहिले. या खेपेला सर्दी दोन ओळींत आटोपली आणि लेख लिहिला तो आई ज्यात काढा करायची त्या पितळी पातेलीवर. कल्हई उडालेली, एक कान तुटलेला. आईचे घर मोडले तेव्हा ती पातेली कुणालाच नको होती. आणि आज आम्हां तिघा भावंडांपैकी प्रत्येकाला वाटते की, ती दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. बस्स, एवढाच लेख. हिची पेन्सिल समासात एकदाही थांबली नाही. आठवडाभरात बावीस पत्रे आली. एकाही पत्रात माझ्या सर्दीची चौकशी नव्हती. लोकांनी आपापल्या घरातून नाहीशा झालेल्या वस्तूंविषयी लिहिले होते: कुणाचा पाटा, कुणाची फिरकीची तांब्या-लोटी, कुणाच्या वडिलांची काठी. मला गुरुकिल्ली सापडली असे वाटले.

आणि किल्ली सापडलेला माणूस जे करतो तेच मी केले. दिसेल ते कुलूप उघडत सुटलो!

१९९४ सालच्या दिवाळीआधी मी दादांवर लिहिले. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. डोंबिवलीला राहत. त्यांचा काटकसरी स्वभाव आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. आलेली पाकिटे ते सोडवून, उलटी करून, पुन्हा चिकटवून वापरीत. पुड्यांचा दोरा गुंडाळून ठेवीत. पाहुणा हात धुवायला उठला की त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करीत, आणि तो परत येऊन बसला की पुन्हा लावीत. हे सारे मी रंगवून लिहिले. पाहुणा घामाघूम होऊन पंखा शोधतो आहे असा एक प्रसंग पदरचा घातला. नाव दिले नव्हते, पण आमचे नातेवाईक काय दूधखुळे होते? पत्रे आली चौऱ्याहत्तर. लोकलच्या डब्यात लोक लेख वाचून हसताना मी स्वतः पाहिले. हिने मात्र हस्तलिखित परत देताना शेवटच्या ओळीखाली ‘मग?’ लिहिले होते. मी म्हटले, ‘‘अगं, विनोदाला ‘मग’ नसतं.’’ आणि लेख पाठवून दिला.

दरवर्षी नरकचतुर्दशीला सकाळी आठच्या सुमारास दादा आणि वहिनी फराळाला आमच्याकडे ठाण्याला येत. त्या वर्षी आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. दुपारी पुतण्या एकटाच आला. वहिनींनी अनारशांचा डबा दिला होता. ‘‘बाबांना जरा बरं नाही,’’ एवढेच तो म्हणाला आणि पायांतली चप्पलही न काढता परत गेला.

चार दिवसांनी दादांचे पत्र आले. पाकीट अर्थातच उलटे केलेले. आत एक कागद:

‘चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. लेख वाचला. आमच्या ऑफिसातही सर्वांनी वाचला. पाकिटे मी उलटतो हे खरे. पंखा बंद करतो हेही खरे. पाहुण्याचा प्रसंग मात्र घडल्याचे आठवत नाही. ही सवय मला जन्मजात नव्हती. १९६७ च्या जूनपासून लागली. त्या जूनमध्ये काय झाले ते तुला माहीत आहे. ते तू लिहिले नाहीस हे बरेच झाले, कारण त्या घरच्या गोष्टी आहेत. सौ.ने अनारसे पाठवले ते जाळीदार झाले होते का, ते कळव. तुझा दादा.’

जून १९६७. वडील जाऊन वर्ष झाले होते. मी पुण्याला कॉलेजात गेलो. दादांना पगार होता दोनशे तीस रुपये. घरात आई, लग्नाची बहीण आणि नवी आलेली वहिनी. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या हातात दादांची मनिऑर्डर पडे. चार वर्षांत ती एकदाही चुकली नाही. पाकिटे उलटून, पंखे बंद करून जमलेल्या त्या पैशांवर मी पदवीधर झालो, मराठी लिहायला शिकलो, आणि त्या मराठीत मी काय लिहिले, तर दादा पंखा बंद करतात!

त्या रात्री मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडली. पूर्वी अनेकदा वाचली होती. पण या खेपेला डोळ्यांत तेल घालून वाचली. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचे न सांगता निघून जाणे, हातातला पैसा देऊन टाकणे, १८९५ साली त्यांनी धर्म बदलला तेव्हा झालेली ताटातूट. यांतले बाईंनी काही म्हणजे काही लपवलेले नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेडही लपवलेले नाही. पानोपानी हसू येते. पण पुस्तक मिटताना टिळक आपल्या मनात लहान होत नाहीत, मोठेच होतात. असे का? मला दोन कारणे दिसली. एक तर बाई सगळ्यांत जास्त हसतात त्या स्वतःला. आणि दुसरे, त्या माणसाचा दोष सांगतात तेव्हा त्याच्या शेजारी तो माणूसही उभा करतात. मी दादांचा पंखा दाखवला आणि दादांना काळोखात ठेवले. लेख वाचनीय झाला होता यात शंका नाही. पण तो वाचून हसलेल्या माणसाने घरी नेण्यासारखे त्यात काय होते? हिच्या ‘मग?’चा अर्थ मला महिन्याभराने कळला.

दादांना मी पत्र लिहिले आणि त्यासोबत नव्या लेखाची प्रत पाठवली. तुम्ही होय म्हणाल तरच छापीन, असे कळवले. उत्तर एका ओळीचे आले: ‘व्याकरण ठीक आहे. हरकत नाही.’ त्या लेखात दादा थोडे होते. जास्त मीच होतो. पाच तारखेला पोस्टमनची वाट पाहणारा, मनिऑर्डरच्या कुपनावर ‘अभ्यास कर’ एवढे दोनच शब्द वाचून चिडणारा, आणि त्यांतले आठ आणे पहिल्याच संध्याकाळी सिनेमाला उडवणारा. त्या लेखाला पत्रे आली अवघी एकोणीस. चौऱ्याहत्तरांच्या मानाने काहीच नाही. पण ती पत्रे पाठपोट लिहिलेली होती, आणि प्रत्येकात लिहिणाऱ्याचा स्वतःचा कुणी तरी दादा होता. कुठे थोरली बहीण, कुठे मामा, कुठे शिवणकाम करून मुलाला शिकवणारी आई. सोलापूरच्या एका गृहस्थांनी लिहिले होते की, अकरा वर्षे भावाशी बोलणे नव्हते. लेख वाचून झाल्यावर चपला घातल्या आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पुढे काय झाले ते त्यांनी लिहिले नव्हते. मीही विचारले नाही.

पुढच्या नरकचतुर्दशीला सकाळी आठाला दारावरची घंटा वाजली. दादा आले, फराळाला बसले. मी चकली आणायला आत गेलो आणि परत येतो तो माझ्या पाटावरचा पंखा बंद! दादा गंभीरपणे लाडू फोडीत होते. वर न पाहता म्हणाले, ‘‘हे लिही हो.’’ वहिनी पदराआड हसल्या. त्या दिवसाइतका गोड फराळ मी जन्मात केला नाही.

दादांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते गेल्यावर वहिनींनी मला एक गठ्ठा दिला. माझ्या सदराची कात्रणे, एकेका वर्षाची एकेका उलट्या पाकिटात घातलेली, वर शाईने साल. १९९४ च्या पाकिटात तो पंख्याचा लेखही होता. दुसऱ्या लेखावर मात्र एके ठिकाणी पेन्सिलीची खूण होती. मी लिहिले होते, ‘साठ रुपयांची मनिऑर्डर’. दादांनी समासात दुरुस्ती केली होती: ‘साठ नव्हे, पासष्ट.’ पाच रुपये मी विसरलो होतो. त्यांनी ते वाचवलेले असल्यामुळे त्यांच्या लक्षात होते.

तर वाचकहो, अशी ही हकीकत. निवृत्त झालेली माणसे मला विचारतात, गृहिणी विचारतात: आम्हांला आमच्या आठवणी लिहायच्या आहेत, पण त्या घराबाहेरचे कुणी वाचील का? मी त्यांना सांगतो, जरूर वाचील; पण खुशाली लिहू नका, पातेली लिहा. तिचा कुठला कान तुटला होता ते लिहा. रुपये साठ होते की पासष्ट, ते घरात विचारून घ्या, कारण त्या पाच रुपयांतच सगळे असते. हसायचे असेल तर पहिला मान स्वतःकडे घ्या. ज्याच्याविषयी लिहिले असेल त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. वाचताना जीभ अडखळली तर समजा की तिथे काही तरी खोटे पडले आहे, किंवा अर्धेच सांगितले आहे. माणूस हयात नसेल तर त्याच्यावर माया करणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. आणि शेवटी तात्पर्य सांगायची घाई करू नका. घराला जशी ओसरी असते तशी लेखालाही असू द्या. वाचक तिथे येऊन टेकतो, पाणी पितो, आणि मग त्याला स्वतःची गोष्ट आठवते. तो ती सांगू लागला की आपण गप्प बसावे. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर मात्र द्यावे. ज्याने आपला ‘मी’ ऐकून घेतला, त्याचा ‘मी’ ऐकणे हे आपले देणे असते.

एवढे लिहून झाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी कागद हिच्या हाती दिले. म्हटले, ‘‘विचारत होतीस ना, यंदा कुणाचा नंबर? यंदा माझा.’’

हिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाने परत आलो, तर ही झोपायला गेली होती आणि कागद मेजावर नीट रचून ठेवलेले होते. मी सगळी पाने चाळली. समास कोरे. एक ठिकाणी मात्र तिने ‘जावईबापूंचे घोरणे’ यावर काट मारली होती आणि पुन्हा खोडून ती काट रद्द केली होती. शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात, लिहिले होते: ‘मग?’

तासभर विचार केला. हे काही रागाचे ‘मग’ नव्हे, हे मला आता ओळखता येते. पण त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. फराळाचे ताट बाजूला सारून तुम्ही हे पान उघडले असेल, तर ते तुमच्याजवळ असण्याचा संभव आहे. यंदा नरकचतुर्दशीला आठ वाजता तुमच्याकडे कोण यायचे राहिले आहे?

जाताजाता एक करा. खोलीत कुणी नसेल तर पंखा बंद करा.